माझी कंबर, हिची साखर

उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं आणि मी प्रसाद खाऊन गेलो.

चुकलंच, पण कसं चुकलं ते सांगतो. अलिबागच्या लॅबमध्ये सकाळी लवकर पोचायचं होतं. आदल्या संध्याकाळी वेळेत जेवलो होतो, सकाळी चहाचा थेंबही घेतला नव्हता. चहावाचून माझा जसा चेहरा होतो तसा चेहरा घेऊन, हिला स्कूटरवर मागे बसवून निघालो. चौलातून बाहेर पडताना वाटेत महादेवाचं देऊळ लागतं. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच सगळ्या तपासण्या करायला निघालेल्या माणसाला देवळावरून तसंच पुढे जाववत नाही. स्कूटर थांबवली, आत गेलो, हात जोडले आणि अगदी स्पष्ट शब्दांत मागणं घातलं, की देवा, बाकी काही निघालं तरी चालेल, साखर तेवढी निघू देऊ नकोस. गुरवांनी तळहातावर पंचामृत घातलं. त्यामागून एक पेढा आणि कुणाच्या तरी नवसाची खोबऱ्याची वडी. प्रसाद हातात पडला की तोंडात जातो. मध्ये थांबून विचार करायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही.

लॅबमधल्या मुलीनं दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"छे! पाण्याशिवाय काही नाही."

अगदी मनापासून सांगितलं हो. मागच्या खुर्चीवरून ही शांतपणे म्हणाली, "पंचामृत, पेढा आणि वडी."

"तो प्रसाद होता," मी म्हणालो.

"पोटातच गेला ना पण?"

मुलीनं पट्टा सोडला. "उद्या या, काका. आणि उद्या दर्शन परत जाताना घ्या." मग हिच्याकडे वळून म्हणाली, "काकू, यादीत तुमचंही नाव आहे. तुम्ही उपाशी आहात ना? तुमचं घेऊ का आज?"

ही म्हणाली, "आधी यांचं होऊ दे. दोघं एकदम आजारी निघालो तर घरात बघायचं कुणी?"

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. "हो हो, हिचं नंतर," असं म्हणून मी बाही खाली केली.

उपास मोडलाच होता, म्हणून येताना बाजारात मिसळ खाल्ली. हिनं पोहे मागवले, अर्धे खाल्ले आणि बशी माझ्याकडे सरकवली. त्या काळात आमच्या घरातली सरकवासरकवी त्या दिशेनं चालायची.

हे सगळं सुरू झालं मुलीमुळे. ती पुण्याला नोकरी करते. एकदा मोबाइलवर व्हिडिओ लावून बोलत होतो, आणि मी उकाड्याचा उघडाच बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "बाबा, हे काय?"

"काय?"

"तुमच्या आधी स्क्रीनवर जे येतं ते."

मी बँकेत काम करतो. रेवदंड्याची लहानशी शाखा आहे. दिवसभर खुर्चीत बसतो, खुर्चीपर्यंत स्कूटरवर जातो. घरी नारळ-सुपारीची थोडी वाडी आहे, पण तिचा माझा संबंध आलेल्या नारळाचं काय करायचं हे ठरवण्यापुरताच. मुलीनं तिथूनच दोघांच्या तपासण्या ठरवून टाकल्या. "दोघांच्या" हा शब्द तिनं तीनदा तरी उच्चारला असेल.

दुसऱ्या दिवशी माझं रक्त नीट, कोरड्या तोंडानं दिलं गेलं. रिपोर्ट घेऊन आम्ही रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण, मृदू बोलणारा, शिंप्याकडे असते तशी टेप टेबलाच्या खणात ठेवणारा. त्यानं मला उभं करून टेप कमरेभोवती फिरवली.

"श्वास सोडा, काका."

"सोडलाय."

"सगळा सोडा."

सगळा सोडला. टेप आणखी पुढे सरकली. मला वाटतं, वयात आल्यापासून मी तो श्वास धरूनच वावरत होतो.

मग त्यानं समजावून सांगितलं. पोटाचा घेर वाढलाय, दाब थोडा वर आहे, उपाशीपोटीची साखर काठावर आहे, रक्तातली वाईट चरबी वाढलीय आणि चांगली कमी झालीय. "एकेकटं बघितलं तर यातलं काहीच फार वाईट नाही, काका. पण सगळे मिळून आलेत. यालाच मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पुढे मधुमेह आणि हृदयविकार यायचे असतील, तर बहुतेक वेळा ते याच वाटेनं येतात. पण अजून परत फिरता येतं." भात निम्मा, साखर बंद, पापड-लोणचं-सुकी मासळी जपून, रोज चालणं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. सांगून झाल्यावर त्यानं हिच्याकडे बघितलं. "काकू, तुमचंही एकदा करून घ्या. एकाच चुलीवरचं खाता दोघं."

"मला काय धाड भरलीय! दिवसभर पायांवर उभी असते मी."

आणि मी म्हणालो, "हिला काय होणार, डॉक्टर? सुपाऱ्या वेचण्यापासून वाडीतलं सगळं हीच बघते. हिचा व्यायाम आपोआप होतो."

हे मी कौतुकानं म्हणालो होतो, बरं का. आता ते वाक्य आठवलं की आपणच आपल्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो, पण तिथवर हात पोचत नाही.

तर माझं पथ्य सुरू झालं.

चालण्याचं आधी सांगतो. आमच्या भागात ज्याच्या घरी स्कूटर आहे असा माणूस रस्त्यानं पायी चालताना दिसला, तर त्याचा अर्थ एकच, गाडी बंद पडलीय. पहिल्याच सकाळी नवे बूट घालून निघालो, तर मागून आलेला मासळीवाला फटफटी थांबवून म्हणाला, "काय भाऊ, गारी बंद परली कं? बसा, सोरतो."

"चालायला निघालोय."

"चालाला? कुठं?"

"कुठं नाही. असंच."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच काळजी वाटली. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून बसलो. त्यानं नाक्यावर सोडलं. तिथून घराकडे चालत निघालो, तर वाटेत आमच्याच आळीतला रिक्षावाला थांबला. असे कित्येक दिवस मी व्यायामाला जाऊन जाता-येता दोन्ही वेळा गाडीवरच बसत होतो. शेवटी रस्ता सोडून समुद्रावर जाऊ लागलो. पुळणीत कुणी लिफ्ट देत नाही.

हळूहळू जमायला लागलं. आणि जमायला लागल्यावर मी असह्य झालो. हे मी म्हणत नाही, मुलगी म्हणते. पानात भात वाढला की मी हाताची आडवी पट्टी धरायचो, "बास." निम्मा भात, नाचणीची भाकरी, वालाच्या बिरड्यात खोबरं बेतानं. दिवाळीत लोक फराळाची ताटं घेऊन आले, की मी बाहेरच्या खोलीतूनच हात जोडायचो, "मी बंद केलंय." हे सांगण्यात जो आनंद आहे ना, तो चकलीत नाही. पाहुणे कौतुक करायचे. ताट आत जायचं. आत ही होती.

बँकेत कुणाला बढती मिळाली, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, की पेढे यायचे. पूर्वी मी माझा पेढा खाऊन शेजारच्या टेबलावरच्या डब्याकडे बघायचो. आता माझा पेढा कागदात बांधून घरी आणायचो आणि हिच्या हातावर ठेवायचो. "बघ, माझ्या वाट्याचा, पण खाल्ला नाही. तुझ्यासाठी आणला." ही हसून खायची. मला वाटायचं, आपलं लग्न नव्यानं जमतंय.

थंडीत पोपटी झाली. आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं सगळं भरतात आणि बाहेरून जाळ लावतात. वाडीत शेजारपाजारचे जमले होते. मी शेंगा सोलून खात होतो आणि आपले बटाटे उचलून हिच्या पानात टाकत होतो. एक वहिनी म्हणाल्या, "बघा, बघा! किती प्रेम!" मी लाजलो. ही म्हणाली, "पुरे हो आता." मी आणखी एक टाकला.

आणि भात. आमचं भाताचं पातेलं मुलगी घरात होती आणि आईवडील होते तेव्हाचंच. तांदळाचं मापही तेव्हाचंच. ते कमी करायला हिचा हात धजत नसे. "कुणी आयत्या वेळी आलं तर?" हल्ली आयत्या वेळी कुणी येत नाही, फोन करून येतात आणि फोन करूनच येत नाहीत. मी माझा वाटा निम्मा केला, पातेलं काही निम्मं झालं नाही. बाकीचा भात ही जेवायची, आणि त्यातूनही उरला तर सकाळी फोडणीला टाकायची. मी समोर बसून ताकातली नाचणीची आंबील प्यायचो आणि तिच्या बशीकडे विरक्त नजरेनं बघायचो. माझी विरक्ती मला इतकी आवडत होती, की बशीत काय आहे हे दिसतच नव्हतं.

तिच्या तळपायांची आग व्हायची. ऑक्टोबरात म्हणाली, तर मी म्हणालो, "ऊन किती आहे!" ती कोकमाचं तेल चोळायची. पौषातसुद्धा ती जेवून झाल्यावर लादीवर पाय टेकून बसायची, गार लागावं म्हणून. मी बघत होतो. बघून पायांत मोजे घालत होतो, माझे. पाण्याचा तांब्या तिच्याजवळ भरलेला असायचा आणि थोड्या वेळानं रिकामा असायचा. सुपारी वेचताना मध्येच बसायला लागली होती. "वय झालं आता आपलं," असं ती म्हणायची, आणि त्यातल्या "आपलं"चा मला राग यायचा, कारण मी तर तरुण होत चाललो होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. साखर खाली आली होती, दाब खाली आला होता, टेप मागे सरकली होती, तीही श्वास सोडून. डॉक्टर म्हणाला, "काका, कमाल केलीत." मी पट्ट्याला नवं भोक कसं पाडून घेतलं ते सांगायला लागलो. चांभार काय म्हणाला, मी त्याला काय म्हणालो. ते चाललं असताना हिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि उभ्याउभ्या संपवली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथे पाणी कुठे मिळेल हो?"

डॉक्टर माझ्याकडे बघायचा थांबला.

"काकू, तहान फार लागते का?"

"उन्हातून आलो ना."

जानेवारीतली सकाळ होती. माझ्या अंगात स्वेटर होता.

त्यानं तिला समोर बसवलं. बोटाला सुई टोचून लहानशा यंत्रात थेंब घातला. आकडा आला तेव्हा त्याचा चेहरा काही बदलला नाही, फक्त आवाज आणखी मऊ झाला. "उद्या रक्ताची सगळी तपासणी करू. पण काकू, साखर बरीच वाढलीय. काठावर नाही, आत आलीय." मग पायांचं विचारलं. तळव्यांना कापूस लावून कळतंय का बघितलं. एका ठिकाणी हिला कळलं नाही. मला दिसलं, तो कापूस टेकवतोय, आणि ही वाट बघत बसलीय, की कधी टेकवणार.

"घरात भात किती शिजतो?" त्यानं विचारलं.

"होता तेवढाच."

"आणि काका निम्मा खातात. मग उरतो तो?"

ही पदराचं टोक नीट करत म्हणाली, "टाकवत नाही हो."

तिथे त्या खुर्चीत मला माझे तीन महिने उलटे दिसायला लागले. निम्मा भात, फराळाची ताटं, पेढे, बटाटे. मी जे जे सोडलं, ते ते हिच्या पानात जाऊन पडलं होतं. आणि हे नुसतं तीन महिन्यांचंही नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, पाय असे काही तीन महिन्यांत होत नाहीत, साखर केव्हापासूनची असणार, तुमच्या पेढ्यांनी फक्त भर घातली. तो मला धीर देत होता. पण त्याचा अर्थ हाच होता, की ऑक्टोबरात रक्त घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, आणि ही तर त्या दिवशी उपाशीच होती.

परतताना स्कूटर मी इतकी हळू चालवली, की सायकलवाले पुढे जात होते. "रागावलीस?" मी विचारलं. वाऱ्यामुळे ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

घरी येऊन मुलीला फोन केला.

"बाबा, तेव्हा दोघांचं करा म्हटलं होतं ना मी?"

"हो."

"मग?"

"आई म्हणाली, नंतर."

"आणि तुम्ही?"

"मीही म्हणालो, नंतर."

"आईला फोन द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, पाय जपायचे, अनवाणी वाडीत जायचं नाही, असं बरंच. डॉक्टर म्हणाला, पायांची आग कमी होईल, बधिर झालेलं सगळं परत येईलच असं नाही, पण पुढे वाढू द्यायचं नाही हे आपल्या हातात आहे. ते "आपल्या हातात" मी फार मनावर घेतलं. माझ्या हातात, असं घेतलं.

मी पातेलं माळ्यावर टाकलं. स्वयंपाक शिकायला घेतला, म्हणजे हिच्या मागे उभा राहून सूचना द्यायला लागलो. तिनं घास उचलला की माझी नजर घासाबरोबर वर जायची. गोळी घेतलीस का, चप्पल घातलीस का, पाणी किती झालं. चालायला बरोबर जायचो. समुद्रावर जो भेटेल त्याला थांबवून सांगायचो, "हिला साखर निघाली. माझी चूक." लोक बिचारे काय बोलणार? "असं कसं, तुमची कशी चूक?" असं म्हणायचे, आणि मला जरा बरं वाटायचं, म्हणून मी पुढच्या माणसाला पुन्हा सांगायचो. ही तोवर पुढे जाऊन उभी राहायची, पाठमोरी. मला जेवण जात नव्हतं. पानावर बसून उसासे टाकायचो. ती म्हणायची, "जेवा हो." म्हणजे तिचं पथ्य सांभाळून वर मला जेवायला लावायचं कामही तिच्याकडेच.

अशात हळदीकुंकवांचे दिवस आले. शेजारच्या वहिनींनी हिला बोलावलं. ही ठेवणीतलं काठापदराचं लुगडं नेसून, गजरा माळून गेली. बऱ्याच दिवसांनी मोकळी दिसत होती. मी वाडीत कुंपणाजवळ झाडांना पाणी घालत होतो. पाणी झाडांना कमी आणि माझं लक्ष शेजारच्या ओट्याकडे जास्त. दहा-बारा बायका जमल्या होत्या, हसणं-बोलणं चाललं होतं. वहिनींनी ताटली पुढे केली. तिळगूळ होता, खोबऱ्याची वडी होती. हिचा हात पुढे झालेला मला सुपारीच्या झाडांमधून दिसला.

मी पाइप हातात धरून ओरडलो, "वहिनी, हिला देऊ नका हो! साखर आहे हिला!"

ओट्यावरच्या सगळ्या बायका वळल्या, आधी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे.

"अगं बाई! कधीपासून गं?"

"मग आता सुया टोचून घ्यायच्या?"

"कारल्याचा रस घे गं, माझ्या दिरांना उतार पडला."

"अशी काही दिसत नाहीस तू!"

ही ताटलीवरचा हात मागे न घेता हसत होती. तो हात वडीकडे चाललाच नव्हता, हे मला नंतर कळलं. ती तिळगुळाचा एक दाणा उचलून "गोड बोला" म्हणणार होती, तेवढंच. डॉक्टरांना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. पायपातलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं.

ती संध्याकाळी परत आली. गजरा काढून देवापुढे ठेवला, लुगड्याची घडी घातली. मी पडवीत उभा होतो, तोंडात शब्द गोळा करत. म्हणालो, "अगं, मला इतकं अपराधी वाटतंय, की..."

तिनं हात वर केला. भात वाढताना मी धरायचो तसा नव्हे, शाळेत बाई धरतात तसा.

"तुम्ही माझ्या भल्यासाठीच ओरडलात, मला कळतं," ती म्हणाली. "पण अहो, तुमचं पोट सुटलं तेव्हा सगळं घर तुमच्या पोटाभोवती फिरलं. ते ठीक, फिरलो आम्ही. आता आजार मला झाला, तरी त्यात जिथे बघावं तिथे तुम्हीच. वाईट तुम्हाला वाटतंय, जेवण तुम्हाला जात नाही, लोक समजूत तुमची घालतायत. चालायला मी एकटी जाईन उद्यापासून. अडलं तर विचारीन. साखर मला झालीय ना? मग निदान ती तरी माझी राहू द्या."